‘मोस्ट पीपल प्रिफर’

इंग्रजी निबंध लिहितांना विद्यार्थ्यांच्या मनांत एक वाक्य हटकून येतें : ‘बहुतेक लोकांना कॉफीपेक्षां चहा अधिक आवडतो.’ मराठींत तें निर्दोष आहे. परंतु त्याचें इंग्रजी करूं लागलों कीं दोन ठिकाणीं पाय घसरतो.

पहिलें ठिकाण ‘बहुतेक लोक’ हें. आम्ही विद्यार्थिदशेंत ‘मोस्ट ऑफ पीपल’ असें लिहीत असूं. तें अशुद्ध होय. सर्वसामान्य लोकांविषयीं बोलावयाचें असेल तर ‘मोस्ट पीपल’ एवढेंच म्हणावें. एखादा ठराविक समुदाय, जसे या गांवचे लोक, अभिप्रेत असेल तर ‘मोस्ट ऑफ द पीपल’ असें लिहावें. शिवाय ‘पीपल’ हा शब्द येथें अनेकवचनी असल्यामुळें क्रियापद ‘प्रिफर’ असेंच ठेवावें; ‘प्रिफर्स’ करूं नये.

दुसरें ठिकाण ‘पेक्षां’ या शब्दाचें. त्यासाठीं ‘दॅन’ हा शब्द आपणांस सहज सुचतो. परंतु ‘प्रिफर’ हें क्रियापद लॅटिनमधून आलें असून, ‘पुढें ठेवणें’ असा त्याचा मूळ अर्थ आहे. चहा कॉफीच्या पुढें ठेवला, अशी कल्पना केली म्हणजे ‘प्रिफर टी टू कॉफी’ ही रचना ध्यानांत राहते. ‘सीनियर’, ‘ज्यूनियर’ व ‘सुपीरियर’ हे शब्दही लॅटिनमधलेच. त्यांच्यापुढेंही ‘टू’ येतो.

येथवर व्याकरण झालें. परंतु वाक्य शुद्ध असलें म्हणजे तें खरें असतेंच असें नाहीं. समजा, ४० विद्यार्थ्यांच्या वर्गांत १५ जणांना चहा, १३ जणांना कॉफी व १२ जणांना दूध अधिक आवडतें. चहाचा क्रमांक पहिला खरा. पण ‘मोस्ट’ म्हणजे निम्म्याहून अधिक, निदान २१ तरी हवेत. येथें तर २५ जणांची आवड निराळी आहे! अशा वेळीं ‘मेनी’ अथवा ‘सम’ लिहावें. आणि आवड केवळ आपली असेल तर सरळ ‘आय प्रिफर’ म्हणावें. त्यांत कमीपणा नाहीं.

आपल्या आवडीवर सर्व लोकांचा शिक्का मारण्याचा मोह लहानथोर सर्वांनाच होतो. आम्हीही त्यास अपवाद नाहीं. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, ‘मोस्ट पीपल’ लिहिण्यापूर्वीं आपण किती जणांस विचारलें, हें क्षणभर मनाशीं आठवा. पालकांनीही घरीं मुलांस हाच प्रश्न पुसावा. त्यानें इंग्रजी सुधारेल आणि सत्याची चाडही वाढेल.