घंटागाडीचा ठेका कसा ठरतो?

आजचा विषय आहे कचरा गोळा करण्याचा ठेका. धाराशिव जिल्ह्यात आठ नगरपरिषदा आहेत: धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम, परंडा, नळदुर्ग आणि मुरूम. शिवाय लोहारा आणि वाशी या दोन नगरपंचायती. २०११ च्या जनगणनेत धाराशिव शहर लाखाच्या थोडं वर होतं, बाकीची सगळी गावं चाळीस हजारांच्या आतली. अशा गावात आज घंटागाडी आली की नाही, यावर रोज बोलणं होतं. पण त्या गाडीला पैसे कोण देतं, आणि काय मोजून देतं, हे फारसं कुणी विचारत नाही. आज तेवढंच पाहू.

मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो. टेंडर कुणाला मिळालं याची चर्चा गावभर होते. पण गाव स्वच्छ राहणार की नाही, हे बरंचसं त्याआधीच, टेंडरच्या कागदात ठरलेलं असतं. कशाच्या मापावर पैसे देणार, किती माणसं लागतील असं धरलं, आणि काम झालं हे कोण तपासणार, या तीन गोष्टींत ते ठरतं.

काम कुणाचं?

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ हा आपला मूळ कायदा. त्याच्या कलम ४९ मध्ये नगरपरिषदेची कर्तव्यं दिली आहेत आणि रस्त्यांची सफाई हे त्यातलं बंधनकारक कर्तव्य आहे. म्हणजे नगरपरिषद काम ठेक्यानं देऊ शकते, जबाबदारी देऊ शकत नाही. 'ते ठेकेदाराकडं आहे, त्याला विचारा' हे उत्तर नगरपालिकेत मिळालं, तर ते कायद्याला धरून नाही एवढं लक्षात ठेवा.

पुढं ८ एप्रिल २०१६ ला केंद्राचे घनकचरा व्यवस्थापन नियम आले. कचरा घरातच वेगळा करायचा, ओला, सुका आणि घरगुती घातक असा, आणि तो दारातून वेगवेगळाच उचलायचा, हे त्यांनी सांगितलं. त्यामुळं पूर्वी 'कुंडी उचलून डेपोवर रिकामी करणं' एवढं असलेलं काम बदललं. आता दारोदार फिरणं, वेगळं ठेवणं, खत करणं, सुका कचरा निवडणं हे सगळं त्यात आलं. टेंडरही त्याप्रमाणं बदलायला हवं होतं. काही ठिकाणी ते बदललं, काही ठिकाणी फक्त शब्द बदलले.

पैशांचं म्हणाल, तर घरपट्टीतून सगळं भागत नाही. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी लहान शहरांना जे अनुदान ठरवलं, त्यातला ३० टक्के वाटा स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी बांधून दिला होता. हा पैसा हप्त्यानं येतो. हप्ता लांबला की ठेकेदाराचं बिल लांबतं, बिल लांबलं की कामगारांचा पगार लांबतो, आणि मग ऐन दिवाळीत काम बंद पडतं. गावाला दिसतात फक्त शेवटचे ढीग.

अंदाजपत्रक: खरी सुरुवात इथं

आरोग्य विभाग आधी कचरा किती निघतो ते काढतो. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २०१६ च्या पुस्तिकेत दोन लाखांखालच्या शहरांसाठी माणशी दिवसाला २०० ते ३०० ग्रॅम असा अंदाज दिला आहे. तुळजापूरची २०११ ची लोकसंख्या साधारण ३४ हजार. त्या हिशेबानं रोजचा कचरा झाला ७ ते १० टन.

आता आपण एक गाव गृहीत धरू. हे आकडे फक्त समजण्यासाठी, कुठल्याही एका नगरपरिषदेचे नाहीत. लोकसंख्या ३० हजार, कचरा रोज साडेसात टन. सात घंटागाड्या. प्रत्येकीवर एक चालक, दोन मदतनीस, म्हणजे २१ माणसं. झाडलोटीला २०, खताच्या जागेवर ४. एकूण ४५. भविष्य निर्वाह निधी आणि विमा धरून माणशी खर्च महिन्याला १८ हजार मानू. ४५ गुणिले १८ हजार, म्हणजे ८ लाख १० हजार. गाड्यांचं डिझेल, टायर, दुरुस्ती प्रत्येकी २० हजार, म्हणजे १ लाख ४० हजार. हातमोजे, झाडू, किरकोळ खर्च ५० हजार. बेरीज बरोबर १० लाख. यात ठेकेदाराचा नफा अजून धरलेलाच नाही. हा दहाचा आकडा ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

निविदेची वाट

अंदाजपत्रकाला तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता मिळाली, की विषय रकमेप्रमाणं स्थायी समितीसमोर किंवा सर्वसाधारण सभेसमोर जातो. ठराव होतो. मग राज्याच्या महाटेंडर्स संकेतस्थळावर ई-निविदा निघते. इच्छुक बयाणा रक्कम भरतात आणि दोन लिफाफे टाकतात. लिफाफा म्हणायची सवय राहिली, आता सगळं संगणकावर असतं. पहिल्या लिफाफ्यात कागदपत्रं: नोंदणी, अनुभव, उलाढाल, वाहनं. दुसऱ्यात दर. पहिला लिफाफा पास झाला तरच दुसरा उघडतो, आणि पात्र ठरलेल्यांत ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम. मग दर मंजुरीचा ठराव, सुरक्षा अनामत, करारनामा आणि कार्यादेश. नगरपरिषदेचा ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध वाटला, तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. ठेक्यात नगरसेवकाचं हितसंबंध असणं हे अपात्रतेचं कारण आहे, तेही याच कायद्यात.

कागदावर ही व्यवस्था चोख आहे. तिच्यात फटी कुठं राहतात? एक, अनुभवाची अट. ती फार सैल ठेवली तर काल गाडी घेतलेला माणूसही पात्र होतो. फार घट्ट केली तर एकच पात्र होतो. दुसरी फट म्हणजे कामाचे तुकडे. मोठं काम चार लहान कामांत वाटलं की ई-निविदेची मर्यादा चुकवता येते. तिसरी, मुदतवाढ. ठेका संपत आला, नवं टेंडर तयार नाही, म्हणून तीन महिने वाढ. मग आणखी तीन. गावात कचरा थांबवता येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळं या वाढीला कुणी विरोधही करत नाही.

यात आणखी एक गोष्ट धरा. २०२१-२२ पासून डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांपर्यंत राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते. या काळात सभेचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडं आले. ठराव होत होते, पण 'या वॉर्डात गाडी येत नाही, मग बिल कसलं?' असं विचारणारा निवडून आलेला माणूस सभागृहात नव्हता. आता तो पुन्हा आला आहे. त्यानं टेंडरचा कागद वाचावा, म्हणून हे सगळं सांगतो आहोत.

वीस टक्के कमी दर म्हणजे काय?

आता आपला दहा लाखांचा आकडा घ्या. निविदा उघडल्या, आणि एकानं वीस टक्के कमी दर भरला. आठ लाख. सभेत बाकं वाजतात, नगरपरिषदेचे वर्षाला २४ लाख वाचले! पण आपण मगाशी पाहिलं, नुसता माणसांचाच खर्च ८ लाख १० हजार आहे. डिझेल तर पुढंच.

मग तो माणूस काम करणार कसं? वाटा मोजक्याच आहेत. ४५ जणांची हजेरी लावायची आणि ३० जणांवर काम काढायचं. पगारातून कापलेला निर्वाह निधी भरायचाच नाही. किमान वेतनावर सही घ्यायची आणि हातात कमी द्यायचं. सातपैकी दोन गाड्या उभ्या ठेवायच्या. म्हणजे वाचलेले २४ लाख कुठून तरी आलेले असतात. ते पहाटे पाचला झाडू घेऊन निघालेल्या बाईच्या पगारातून आणि शेवटच्या गल्लीत न गेलेल्या गाडीतून आलेले असतात.

आणि हे नगरपरिषदेच्या अंगावर येऊ शकतं. ठेकेदारानं पगार दिला नाही तर मूळ मालकानं तो द्यायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानं सांगितलं होतं आणि नव्या श्रमसंहितेतही तेच तत्त्व आहे. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघानं वर्षानुवर्षं लढा दिला, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात २,७०० कंत्राटी सफाई कामगार महापालिकेचे कायम कामगार ठरले. तेव्हा मजुरीच्या कामात टेंडरमध्येच लिहावं, की वेतन, निधी आणि विम्याची रक्कम ठरलेली राहील. स्पर्धा फक्त उरलेल्या खर्चावर आणि नफ्यावर.

काय मोजणार?

आता सगळ्यात महत्त्वाचं. समजा पैसे टनावर द्यायचे ठरले. आपल्या गावात महिन्याला २२५ टन, म्हणजे दहा लाखांच्या हिशेबानं टनाला साधारण ४,४४४ रुपये. मग गाडीत नालीचा गाळ येतो, बांधकामाची माती येते. पावसाळ्यात भिजलेला कचरा काट्यावर जास्त भरतो. घरात खत करणारी माणसं ठेकेदाराला नकोशी होतात, कारण त्यांनी त्याचे टन कमी केले.

बरं, मग महिन्याला एकरकमी द्या. तर जितक्या फेऱ्या कमी तितका फायदा जास्त. घरांवर क्यूआर कोड लावून, स्कॅन मोजून द्या. तर कोड स्कॅन होतो, बादली तशीच राहते. मंडळी, ज्याचे पैसे मिळतात ते वाढतं. ठेकेदार वाईट असण्याचा प्रश्नच नाही, आपण काय मागतो हा प्रश्न आहे.

त्यामुळं एकाच मापावर विसंबू नये. माणसं आणि गाड्यांचा ठरलेला खर्च महिन्याला, न आलेल्या फेरीला ठरलेली कपात, आणि वेगळा करून दिलेल्या सुक्या कचऱ्यावर, तयार खतावर वरचा मोबदला, असं मिश्रण बरं. वजनकाटा ठेकेदाराचा नको, आणि पावतीवर नगरपरिषदेच्या माणसाची सही हवी.

तुळजापूरचं उदाहरण इथं फार उपयोगी आहे. टेंडर ३४ हजार माणसांवर बेतलं, पण शारदीय नवरात्रात आणि अश्विन पौर्णिमेला गावात लाखो भाविक येतात, सोलापूर आणि कर्नाटकाकडून कितीतरी जण चालत येतात. नारळाच्या शेंड्या, हार-फुलं, पत्रावळ्या, पाण्याच्या बाटल्या. हे काम टेंडरमध्ये वेगळं लिहिलेलं नसेल, तर दोनच गोष्टी होतात: कचरा पडून राहतो, किंवा घाईघाईत टेंडरशिवाय जादा बिल निघतं. यात्रेची तारीख पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते. मग यात्राकाळातल्या जादा माणसांचा आणि गाड्यांचा दर मूळ निविदेतच मागवायला काय हरकत आहे?

उचललेला कचरा जाणार कुठं, हेही आधी ठरलं पाहिजे. फेब्रुवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहरात कचरा रस्त्यावर साचला. गाड्या होत्या, माणसं होती, जागा नव्हती.

ठेक्याशिवाय दुसरा मार्ग आहे का?

आहे. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा घेते; घरटी शुल्क हा तिच्या सभासदांच्या उत्पन्नाचा भाग आहे. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्यासारख्या बारा-तेरा हजार वस्तीच्या गावानं मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचरा वीसहून जास्त प्रकारांत वेगळा करायला सुरुवात केली, आणि जुन्या डेपोची जागा लोक पाहायला येतील अशी झाली. दोन्हीकडं वेगळा केलेला कचरा हीच कामाची वस्तू होती. नुसता उचललेला कचरा नव्हे. आपल्या भूम-परंड्याच्या आकाराच्या गावांना वेंगुर्ल्याची वाट जास्त जवळची वाटते.

जाता जाता, तुम्ही काय करू शकता ते सांगतो. निविदा महाटेंडर्सवर असते, ती उघडून वाचता येते. ठराव, करारनामा, हजेरीपट, वजनाच्या पावत्या आणि निर्वाह निधीची चलनं माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतात. उत्तराची मुदत ३० दिवस. सगळं मागू नका, कागदाचा ढीग मिळेल. एकाच महिन्याचा हजेरीपट आणि त्याच महिन्याचं निधीचं चलन मागा. दोन्हींवरची माणसं मोजा. हजेरीपटावर ४५ आणि चलनावर २८ असतील, तर पुढचा प्रश्न सभेत विचारायला तुमच्या नगरसेवकाकडं द्या.

आणि ठेक्याची मुदत कधी संपते ती तारीख आजच विचारून ठेवा. तिच्या सहा महिने आधी नव्या टेंडरचा मसुदा सभेपुढं यायला हवा. तो आला नाही, तर मुदतवाढीची तयारी सुरू झाली असं समजा, आणि त्याच सभेत बोला.