आठवड्याच्या शिध्याचा फोटो

कारेगावातल्या कुठल्याही दुकानात नूडल्सचे पाकीट पाहा. वर मटार, गाजर, वाफाळलेला वाडगा. आत वाळकी वडी आणि मसाल्याची पुडी. हा फोटो माल खपविण्यासाठी काढलेला.

दुसऱ्या तऱ्हेचा फोटो खरे काय खाल्ले जाते ते दाखवितो. पीटर मेन्झेल हे अमेरिकन छायाचित्रकार आणि फेथ डी'अलुइसिओ या लेखिका २४ देशांतल्या ३० कुटुंबांकडे गेली. घरोघरी आठवड्याचे अन्न मांडून, भोवती माणसे बसवून फोटो घेतले. ‘हंग्री प्लॅनेट’ हे त्यांचे पुस्तक २००५ साली निघाले. त्यात आपल्याकडचे उज्जैनचे कुटुंबही आहे. जर्मनीतल्या चौघांचा आठवड्याचा खर्च सुमारे ५०० डॉलर. चाडमधल्या छावणीत सहा निर्वासितांपुढे मदतीचे धान्य, आणि पदरची खरेदी जेमतेम सव्वा डॉलरची! फोटो कुणाला दोष देत नाही. पाहणाराच मग बाटल्या, पाकिटे मोजू लागतो.

आपल्या शेजारी रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. रात्रपाळी करून खोलीवर आलेल्याला भाकरी थापायला सवड कुठली? तेव्हा पाकिटाला नुसती नावे ठेवू नयेत.

गुरुजी, बाई, मुलांकडून एवढे करवून घ्या. राजीखुशीने तयार असलेल्या एकाच घरी आठवडाभराची रिकामी पाकिटे जपायची, ती बाजरी, दूध, भाजीशेजारी मांडून मोबाइलवर फोटो काढायचा, खाली किंमत लिहायची. घराचे नाव मात्र लिहू नये. गरिबी चव्हाट्यावर आणायची नाही. बांधावरची मेथी, शेजारणीने दिलेले ताक यांना पावती नसते. तीही मांडा, आणि किमतीच्या जागी कुठून आले ते लिहा.