थेट प्रक्षेपणाचे दप्तर

कलबुर्गी जिल्ह्यात, म्हणजे ज्याचे सरकारी नाव २०१४ सालापर्यंत गुलबर्गा असे होते त्या जिल्ह्यात, दूरचित्रवाणीचे आगमन झाले ते शहराच्या वेशीतून नव्हे, तर आकाशातून, आणि तेही प्रथम खेड्यांत. १ ऑगस्ट १९७५ रोजी अमेरिकेच्या 'एटीएस-६' या उपग्रहाच्या साह्याने देशातील सहा राज्यांच्या सुमारे चोवीसशे खेड्यांत एक वर्षाच्या मुदतीचा जो 'साइट' नावाचा शैक्षणिक प्रयोग सुरू झाला, त्यात कर्नाटकाच्या वाट्यास गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर हे तीन जिल्हे आले. शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटर व्यासाची थाळी उभारावी, तिच्याखाली सामुदायिक संच ठेवावा आणि सायंकाळी गावाने त्यासमोर बसावे, अशी ती तजवीज होती. खुद्द राजधानी बंगळूरला स्वतःचे दूरदर्शन केंद्र मिळाले ते १९८१ साली. म्हणजे ज्या मुलखाची मागासलेला म्हणून सरकारदरबारी नोंद होती, त्याने या एका बाबतीत राजधानीला सहा वर्षे मागे टाकले, ही गोष्ट आमच्याकडे अजूनही पुरेशा अभिमानाने सांगितली जात नाही.

या प्रयोगाचे कन्नड व तेलुगू कार्यक्रम हैदराबादच्या निर्मितिकेंद्रात तयार होत. चित्र एकच, ध्वनी मात्र दोन भाषांतील, अशी सोय उपग्रहातच होती. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, शाळकरी मुलांसाठी विज्ञान आणि मधूनमधून लोकनृत्य व लोकगीत असा तो मजकूर होता. गिटारचा त्यात मागमूस नव्हता आणि असण्याचे कारणही नव्हते. परंतु एटीएस या उपग्रहमालिकेची पूर्वपीठिका पाहू गेल्यास रॉक संगीताचा एक धागा आपल्या सीमाभागापर्यंत अनपेक्षितपणे येऊन पोचतो. २५ जून १९६७ रोजी 'अवर वर्ल्ड' नावाचा जो पहिला जागतिक थेट कार्यक्रम चौदा देशांनी मिळून सादर केला, त्याच्या वहनाची जबाबदारी ज्या मोजक्या उपग्रहांवर होती, त्यांत याच मालिकेतील पहिला उपग्रह 'एटीएस-१' होता. आणि त्या कार्यक्रमात ब्रिटनच्या वतीने जे चौघे तरुण लंडनच्या ध्वनिमुद्रणगृहात फुलांच्या गर्दीत बसून गायले, ते 'बीटल्स' होते. ज्या उपग्रहघराण्यातील थोरल्याने बीटल्सचे गाणे जगाला ऐकवले, त्याच घराण्यातील धाकट्याने आठ वर्षांनी गुलबर्ग्याच्या शेतकऱ्याला बियाण्याची माहिती दिली.

रॉक-वाद्यवृंदाची कारकीर्द समजून घ्यावयाची तर त्याच्या ध्वनिमुद्रिकांपेक्षा त्याची दूरचित्रवाणीवरील थेट सादरीकरणे क्रमाने पाहावीत, असे माझे मत आहे. ध्वनिमुद्रिका ही तपासून, दुरुस्त करून, वकिलाच्या नजरेखालून गेलेल्या अर्जासारखी असते. थेट सादरीकरण ही जबानी असते, आणि जबानीत माणूस अडखळतो, घाम पुसतो, शेजाऱ्याकडे पाहतो किंवा पाहण्याचे टाळतो. बीटल्सच्याच बाबतीत हे विलक्षण स्पष्ट दिसते. १७ ऑक्टोबर १९६२ रोजी मँचेस्टरच्या ग्रॅनडा वाहिनीवर ते प्रथम झळकले, तेव्हा त्यांची पहिली मुद्रिका बाजारात येऊन दोन आठवडेही झाले नव्हते आणि रिंगो स्टारला वृंदात दाखल होऊन जेमतेम दोन महिने लोटले होते; एका प्रांतिक वाहिनीच्या सायंकालीन कार्यक्रमापलीकडे त्या प्रसंगास कोणी महत्त्व दिले नाही. त्यानंतर सोळा महिन्यांनी, ९ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री, न्यूयॉर्कमधील एड सुलिव्हानच्या कार्यक्रमात तेच चौघे उभे राहिले तेव्हा अमेरिकेत सुमारे सात कोटी तीस लाख माणसे घरोघरी संचासमोर बसली होती. त्या रात्रीचे चित्र आज पाहताना लक्षात येते ते असे की, लेननचा ध्वनिक्षेपक क्षीण लागलेला आहे, प्रेक्षागारातील मुलींच्या किंकाळ्यांनी वाद्यांचे स्वर झाकोळले आहेत, आणि तरीही ताल कोठे सुटत नाही. कारण हँबुर्गच्या मद्यगृहांत रात्र-रात्र वाजवून हे चौघे एकमेकांचा श्वास ओळखू लागले होते.

१९६६ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी अखेरचा तिकिटाचा जलसा केला आणि मैफलीला कायमची रजा दिली. येथून पुढे दूरचित्रवाणी हीच त्यांची रंगभूमी उरली, आणि येथूनच 'थेट' या शब्दाविषयी थोडे सावध राहावे लागते. १९६७ च्या त्या जागतिक कार्यक्रमात गायन, काही वाद्ये व साथीचा छोटा वाद्यमेळ प्रत्यक्ष होता, पण पायाचा ठेका आधी मुद्रित केलेला होता. पुढल्या वर्षी, सप्टेंबर १९६८ मध्ये, डेव्हिड फ्रॉस्टच्या कार्यक्रमासाठी 'हे ज्यूड' चित्रित झाले तेव्हाही पार्श्वभागी मुद्रितच होते आणि गळा तेवढा प्रत्यक्ष. मात्र गाण्याच्या उत्तरार्धात भोवती जमविलेली साधी माणसे वृंदात मिसळून गाऊ लागतात, आणि दोन वर्षे श्रोत्यांपासून दूर राहिलेल्या त्या चौघांचे चेहरे ज्या रीतीने उजळतात, ते कोणत्याही चरित्रग्रंथात वाचावयास मिळणार नाही.

मुद्रित गाण्यावर नुसते ओठ हलविण्याची ही प्रथा दूरचित्रवाणीइतकीच जुनी आहे. निर्मात्याला ती सोयीची असते: ध्वनिक्षेपकांचे जंजाळ नको, सराव नको, चूक होण्याची धास्ती नको. १ जानेवारी १९६४ रोजी सुरू होऊन २००६ पर्यंत दर आठवड्यास चाललेल्या बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमात प्रारंभी हाच शिरस्ता होता. १९६६ साली वादकांच्या संघटनेने आक्षेप घेतला, कारण मुद्रिका वाजली की वादकाची मजुरी बुडते. तेव्हा असा तोडगा निघाला की वृंदाने त्या कार्यक्रमापुरता साथीचा भाग नव्याने मुद्रित करावा, किंवा मग प्रत्यक्ष वाजवावे. कलेच्या शुद्धतेपेक्षा मजुरीच्या हिशेबाने थेट संगीताचे रक्षण केले, ही गोष्ट कामगार चळवळीशी परिचित असलेल्या आपल्या वाचकास चमत्कारिक वाटू नये. तरीही १९९१ साली त्याच मंचावर 'निर्वाणा' या अमेरिकन त्रयीस मुद्रित साथीवर गावयास सांगण्यात आले, तेव्हा कर्ट कोबेनने मुद्दाम खोल, ओढलेल्या आवाजात गाऊन आणि गिटारच्या तारांना जेमतेम स्पर्श करीत त्या सबंध व्यवस्थेचीच टर उडविली. हाच कोबेन दोन वर्षांनी, १८ नोव्हेंबर १९९३ रोजी, एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड' या कार्यक्रमात फुले आणि मेणबत्त्यांच्या मध्ये बसून चौदा गाणी एका दमात गायला, आणि पुढल्या एप्रिलमध्ये त्याने देह ठेवला. या दोन चित्रफिती एकापाठोपाठ पाहाव्यात. थट्टेखाली काय दडले होते ते निराळे सांगावे लागत नाही.

थेट प्रक्षेपणात वाहिनीचे मालक ज्यास भितात, ती गोष्ट म्हणजे कलावंताची मर्जी. १९६७ च्या जानेवारीत सुलिव्हानच्या फर्मानाबरहुकूम 'रोलिंग स्टोन्स'ने आपल्या गाण्यातील आक्षेपार्ह ओळ बदलली, पण मिक जॅगरने डोळे फिरवून नापसंती नोंदविलीच. त्याच वर्षी सप्टेंबरात 'डोअर्स'च्या जिम मॉरिसनने शब्द बदलण्यास सांगितलेले असतानाही मूळचाच शब्द गायला, आणि त्या वृंदास तेथे पुन्हा पाचारण झाले नाही. डिसेंबर १९७७ मध्ये एल्व्हिस कॉस्टेलोने तर 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मध्ये ठरलेले गाणे मध्येच थांबवून दुसरेच सुरू केले. आणि १३ जुलै १९८५ च्या 'लाइव्ह एड' जलशात 'क्वीन'ने वेंब्लीच्या मैदानावर वीस-एकवीस मिनिटांत आपल्या ढळत्या कारकीर्दीची जी पुनर्स्थापना केली, तिच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की मी येथे भर घालीत नाही.

आता स्वतःच्या मुलखाकडे वळतो. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि जुन्या निजामी कचेऱ्यांच्या संस्कारामुळे जिभेवर उर्दू, अशा बीदर-कलबुर्गीच्या माणसास संगीत समोरासमोर बसून ऐकण्याची सवय पिढ्यांची आहे. कलबुर्ग्यास ख्वाजा बंदेनवाज यांच्या उरुसात कव्वाली होते. हुमनाबादेजवळील माणिकनगरास दत्तजयंतीच्या उत्सवात दरबार भरतो, आणि मराठी, कन्नड व हिंदुस्थानी अशा अनेक भाषांत पदे रचणाऱ्या माणिकप्रभूंच्या (१८१७–१८६५) गादीसमोर गवई आपली सेवा रुजू करतात. अशा श्रोत्यास गायकाचे ओठ आणि स्वर यांतील तफावत फार काळ फसवू शकत नाही. १९७७ साली उपग्रहाची मुदत संपल्यानंतरची भरपाई म्हणून गुलबर्ग्यास जमिनीवरील प्रक्षेपक बसला व त्याच वर्षी हैदराबादचे केंद्रही सुरू झाले. पुढे घरोघरी उंच बांबूस अँटेना बांधून, पडद्यावरील मुंग्यांतून चित्र शोधण्याचे दिवस आले. त्या काळात पाश्चात्त्य धर्तीच्या वाद्यवृंदांचे दर्शन क्वचितच घडे.

जे घडले त्यात मुंबईच्या 'रॉक मशीन'चा वाटा मोठा. १९८४ साली स्थापन झालेला, उदय बेनेगल यांचा गळा आणि महेश तिनईकर यांची गिटार असलेला हा वृंद दूरदर्शनच्या एकमेव वाहिनीवर आपल्या चित्रफितींनी देशास परिचित झाला. १९९३ साली त्याने 'इंडस क्रीड' हे नाव घेतले, १९९७ साली तो विसर्जित झाला आणि २०१० साली पुन्हा एकत्र आला. परंतु येथे एक तक्रार नोंदविणे प्राप्त आहे. केबलवाल्याची तार गावोगावी पोचली त्या काळात भारतीय रॉकला पडद्यावर जी जागा मिळाली, ती मुख्यतः चित्रफितींना, म्हणजे पुन्हा मुद्रित गाण्यावर ओठ हलविण्यालाच. भारतीय वृंद प्रत्यक्ष वाजवीत आहेत आणि यंत्र ते टिपीत आहे, असे कार्यक्रम नियमाने दिसू लागण्यास २०११ साल उजाडावे लागले, जेव्हा 'कोक स्टुडिओ'ची आणि 'अनप्लग्ड'ची भारतीय आवृत्ती निघाली. तोपर्यंत रॉक मशीनच्या पिढीचे तारुण्य सरले होते, आणि त्या तारुण्याची पडद्यावरील जबानी घ्यावयाची राहून गेली होती.

त्याच्या एकच वर्ष आधी, २०१० मध्ये, जी घटना परदेशी घडली ती आमच्या बाजूच्या माणसाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. नाशिकास जन्मलेले, म्हैसुरात वाढलेले, सूक्ष्मजीवशास्त्राचे पदवीधर व भरतनाट्यम् शिकलेले रघु दीक्षित आपल्या वृंदासह बीबीसीच्या 'लेटर विथ जूल्स हॉलंड' या कार्यक्रमात वाजवून आले. १९९२ पासून चालत आलेल्या या कार्यक्रमाची बैठक निराळी आहे: एकाच विस्तीर्ण दालनात निमंत्रित वृंद वर्तुळाकार मांडलेले असतात, एकाचे वादन चालू असता इतर समोरच बसून ऐकतात, आणि मुद्रित साथीचा आडोसा नसतो. ऐकणारे स्वतः जाणकार, आणि तेही दहा पावलांवर. आमच्याकडील दरबाराच्या बैठकीशी याचे साधर्म्य दाखविण्याची गरज नाही. लुंगी नेसून, पायांत घुंगरू बांधून मंचावर येणाऱ्या दीक्षितांच्या संग्रहात शिशुनाळ शरीफ (१८१९–१८८९) यांची कन्नड पदे प्रमुख आहेत. हे शरीफ साहेब माणिकप्रभूंचे जवळजवळ समवयस्क, आणि हिंदू-मुसलमान ही सीमा पदांतून ओलांडणारे, या दोन्ही नात्यांनी आमचे सगेच. इंग्रजीतून गाऊन नव्हे, तर अशा पदांना विजेची गिटार आणि व्हायोलिन जोडून हा वृंद ज्या ठिकाणी पोचला, तेथे मुंबईच्या अधिक कुशल व अधिक इंग्रजी वृंदांस पोचता आले नाही, हा माझा निर्णय काहींस कठोर वाटेल. तो मी बदलणार नाही.

एवढे महत्त्व ज्यास द्यावे, त्या प्रक्षेपणांचे जतन मात्र अत्यंत बेफिकिरीने झाले. दोन इंच रुंदीची ती जुनी फीत महाग होती, म्हणून एक कार्यक्रम पुसून तीवर दुसरा चढविणे हा बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेचाही रिवाज होता. आमच्या दूरदर्शनच्या आरंभकाळातील पुष्कळ फितींचे तेच झाले. १९६० नंतरच्या दशकातील 'टॉप ऑफ द पॉप्स'चे बहुतेक भाग नष्ट झाले आहेत. बीटल्सनी १६ जून १९६६ रोजी त्या कार्यक्रमात प्रत्यक्ष हजेरी लावली होती. तिचा अकरा सेकंदांचा निःशब्द तुकडा २०१९ साली उजेडात आला, आणि तो उरला होता याचे कारण एवढेच की एका घरी कोणीतरी संचासमोर हातातला आठ मिलिमीटरचा कॅमेरा धरला होता. डेव्हिड बोवी आणि त्याच्या वृंदाने जानेवारी १९७३ मध्ये तेथेच 'द जीन जिनी' हे गाणे मुद्रित साथीशिवाय प्रत्यक्ष वाजविले, ते बीबीसीने पुसून टाकले. परंतु जॉन हेन्शल नावाच्या छायाचित्रकाराने स्वतः बनविलेल्या भिंगाचा नमुना म्हणून एक प्रत आपल्यापाशी ठेवली होती, आणि २०११ च्या डिसेंबरात ती पुन्हा प्रक्षेपित झाली. दप्तरखान्याने जाळलेला कागद रयतेच्या पेटीत सापडावा, तसा हा प्रकार.

म्हणून भालकी, बसवकल्याण, औराद, हुमनाबाद, आळंद, अफझलपूर येथील वाचकांस एक विनंती. १९८५ ते २००० या काळात ज्यांनी घरी व्हीसीआर बाळगला, लग्नाच्या चित्रीकरणाबरोबर दूरदर्शनवरील गाण्याचा एखादा कार्यक्रम, गुलबर्गा किंवा हैदराबाद केंद्रावरील एखादी मैफल, मुंबईच्या एखाद्या वृंदाचे सादरीकरण हौसेने टिपून ठेवले, त्यांनी त्या कॅसेटी भंगारवाल्याच्या स्वाधीन करू नयेत. फितीवरील चुंबकीय लेप दमट हवेत सुटू लागतो व बुरशी धरतो. तेव्हा कॅसेटी कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात, बुरशी दिसल्यास यंत्रात घालू नयेत, आणि जमेल तितक्या लवकर जाणत्या माणसाकडून संगणकावर उतरवून घ्याव्यात. कॅसेटीवर तारीख व केंद्राचे नाव आठवत असल्यास तेही आजच लिहून ठेवावे.