गाविलगडाचा पाडाव : १५ डिसेंबर १८०३

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे आणि २९ नोव्हेंबर रोजी अडगाव येथे मराठी फौजांचा पराभव झाला, तरी नागपूरकर भोसल्यांचा वऱ्हाडातील सर्वांत बळकट किल्ला, म्हणजे मेळघाटात चिखलदऱ्याजवळ उभा असलेला गाविलगड, अद्याप शाबूत होता. अडगावहून माघार घेतलेल्या पायदळातील बरेच लोक त्याच्याच आश्रयाला आले होते आणि तेथील शिबंदी, म्हणजे किल्ल्याच्या रक्षणासाठी नेमलेले सैन्य, किल्लेदार बेनिसिंग याच्या हुकमाखाली होती. हा किल्ला घेतल्याखेरीज दुसरे रघूजी भोसले पूर्णपणे नमणार नाहीत, असा जनरल आर्थर वेलस्लीचा, म्हणजे पुढे वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून प्रसिद्ध झालेल्या सेनानीचा, हिशेब होता.

गाविलगडाची रचना दुहेरी होती. दक्षिणेला, जिथे कडा सर्वांत उभा आहे, तिथे आतला किल्ला होता. उत्तर व वायव्य बाजूंनी त्याला बाहेरच्या किल्ल्याने झाकले होते आणि या दोहोंच्या मध्ये खोल दरी होती. दक्षिण दरवाज्याची चढण फक्त माणसांना जमण्याजोगी होती व वायव्येची वाट तटावरील माऱ्याच्या टप्प्यात येत होती. उत्तरेला मात्र, इंग्रजी कागदपत्रांत लबाडा म्हणून उल्लेखलेल्या गावाच्या अंगाला, जमीन किल्ल्याच्या पातळीवर असल्यामुळे तोफा लावणे शक्य होते आणि म्हणूनच तिथे आणखी एक, तिसरा, तट बांधलेला होता.

अडचण त्या गावापर्यंत पोहोचण्याची होती, कारण अचलपुराहून तिकडे जाण्यासाठी सुमारे तीस मैल डोंगर तुडवावे लागत. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने ७ डिसेंबरला निघून, रस्ता तयार करीत व जड तोफा ओढत, १२ तारखेला ते गाव गाठले. दरम्यान वेलस्लीने दक्षिणेकडे तळ देऊन शिबंदीचे लक्ष दोन बाजूंना विभागले. १२ च्या रात्री मोर्चे, म्हणजे तोफा ठेवण्यासाठी आडोसा करून बांधलेल्या जागा, उभारले गेले आणि १३ च्या सकाळी मारा सुरू झाला. दक्षिणेकडील मोर्चावर जड तोफा चढवता न आल्याने तिथला मारा फारसा परिणामकारक ठरला नाही, परंतु उत्तरेच्या तटाला १४ च्या रात्रीपर्यंत आत शिरण्याजोगी खिंडारे पडली.

१५ डिसेंबरला सकाळी दहाच्या सुमारास सुलतानढवा, म्हणजे किल्ल्यावर सर्व बळानिशी चढवलेला निकराचा हल्ला, झाला. लेफ्टनंट कर्नल केनीच्या नेतृत्वाखालील सैनिक उत्तरेच्या खिंडारांतून शिरले, तर त्याच वेळी दक्षिण व वायव्य दरवाज्यांकडे दुय्यम हल्ले करण्यात आले. वायव्येच्या दरवाज्याने निसटू पाहणारे लोक त्या बाजूने चढणाऱ्या तुकडीच्या हाती सापडले व त्यांतील पुष्कळ मारले गेले. बाहेरचा किल्ला हाती आला तरी आतल्या तटाला खिंडार पडलेले नव्हते व त्याचा दरवाजाही फोडता येत नव्हता. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलने चौऱ्याण्णवाव्या पलटणीची हलकी कंपनी, म्हणजे चपळ हालचालींसाठी निवडलेले शिपाई, घेऊन तटाला शिड्या लावल्या व आत उतरून दरवाजा उघडला. त्यानंतर प्रतिकार टिकला नाही. बेनिसिंग व शिबंदीतील असंख्य लोक मारले गेले.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगाव येथे तह झाला. त्यान्वये भोसल्यांनी बालेश्वरसह कटक प्रांत इंग्रजांना दिला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखही सोडला, जो पुढे निजामाकडे गेला. गाविलगड व नरनाळा हे दोन किल्ले मात्र भोसल्यांकडेच राहिले. गडाची दक्षिण बाजू निसर्गाने राखली होती, पण उत्तरेची सपाटी केवळ तटाच्या भरवशावर होती व तिच्याकडे येणारी डोंगरवाट अडवू शकेल अशी मैदानी फौज अडगावनंतर धड उरली नव्हती. त्यामुळे गाविलगडाचे भवितव्य सुलतानढव्यापूर्वीच, जड तोफा उत्तरेच्या सपाटीवर पोहोचल्या तेव्हा, बव्हंशी ठरून गेले होते.