सीटला किती वेळ लागेल?

रोह्याजवळचे धाटाव आता कारखान्यांचे गाव झाले आहे. तिथल्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. एक पाळी सुटते, दुसरी भरते. माणसांची ये-जा चालू असते. जिथे ये-जा आली, तिथे रिक्षा आली, टेम्पो आला. आणि माणसे बसली की सीट कधीतरी फाटणारच. कुशनकाम शिकणाऱ्याला अशा ठिकाणी काम मिळू शकते.

पण नव्या कारागिराला एक प्रश्न फार जड जातो. गिऱ्हाईक विचारते, "किती वेळ लागेल?" तो पटकन सांगतो, "दोन तासांत देतो, दादा." संध्याकाळ होते तरी सीट तयार नसते. रिक्षावाल्याचा दिवस बुडतो. कारागिराची मजुरी बुडते ती वेगळीच.

असे का होते? नवा माणूस फक्त नवे काम मोजतो. शिवायचे आणि ठोकायचे, एवढेच त्याला दिसते. जुने उसवायचे काम तो धरतच नाही.

रिक्षाची मागची सीट घ्या. कामाचे तुकडे पाडा आणि वहीत लिहा. समजा, नव्या हाताला असा वेळ लागला:

सीट गाडीतून काढणे, १५ मिनिटे.
जुन्या चुका व पिना उपटणे, शिवण उसवणे, ४५ मिनिटे.
जुन्या कव्हरावरून माप घेऊन रेक्झिन कापणे, ४० मिनिटे.
फोम दुरुस्त करणे, ३० मिनिटे.
शिवणे, सव्वा तास.
ताणून ठोकणे, ४५ मिनिटे.
सीट परत बसवणे, २० मिनिटे.

बेरीज करा. साडेचार तास झाले! शिवणे आणि ठोकणे मिळून बरोबर दोन तास होतात. ते 'दोन तास' आले कुठून, ते कळले ना?

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाचे इंजिनिअर होते. १८८१ च्या सुमारास ते पोलादाच्या कारखान्यात कामाचे असेच तुकडे पाडून घड्याळाने मोजू लागले. पुढे मालकांनी तेच घड्याळ मजुरांच्या मागे लावले, म्हणून मजूर त्यावर चिडले. आपण मात्र ते आपल्याच हिताकरिता वापरू.

आता खरी अडचण. कव्हराखाली काय आहे, ते वरून दिसत नाही. कोकणातला पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. चुका गंजून तुटतात, डोके हातात येते आणि टोक लाकडात राहते. प्लायवूड कुजलेले निघते. फोम पाणी पिऊन बसलेला असतो. म्हणून आधी एक कोपरा उचकटून बघा, मगच वेळ सांगा. गिऱ्हाइकाला स्पष्ट म्हणा, "दादा, फळी कुजली असली तर वेळही वाढेल, पैसेही वाढतील. तसे निघाले तर आधी तुम्हाला विचारीन." असे आधी सांगितले की माणूस रागावत नाही. मागाहून सांगितले की भांडण होते.

पावसाळ्यात चिकटवायचा सोल्यूशनही लवकर सुकत नाही. तो सुकेपर्यंत हात रिकामे असतात, तेव्हा दुसरे काम करता येते. म्हणून वाट पाहण्याचा वेळ वहीत वेगळा लिहा. मजुरी धरताना तो धरू नका. सीट कधी देणार, हे सांगताना मात्र धरा.

नवशिक्याने वर एक तास जास्तच धरावा. म्हणजे साडेपाच तास झाले. समजा, तासाला ८० रुपये मजुरी धरली. ४४० रुपये झाले. दोन तासांचे सांगितले असते, तर १६० च मिळाले असते. रेक्झिन, फोम, दोरा यांचे पैसे निराळे.

एक बारीक गोष्ट. जुने कव्हर उसवल्यावर फेकू नका. तुकड्यांवर खडूने १, २, ३ असे आकडे घाला. नवीन कापायला तोच नमुना होतो, आणि कुठला तुकडा कुठे, हे शोधण्यात वेळ जात नाही.

काम झाले की वहीत सांगितलेल्या वेळेशेजारी खरा लागलेला वेळ लिहा. पुढची रिक्षा आली की आधी ते पान उघडा आणि मग तोंड उघडा.