वाऱ्याचं माप, वलवणला

जुलैत लोणावळ्याजवळच्या वलवणच्या मोकळ्यावर उभं राहिलं की पश्चिमेचा वारा छत्री टिकू देत नाही. हा वारा हिंदी महासागराच्या दक्षिण भागातून निघतो, केनिया-सोमालियाच्या बाजूला विषुववृत्त ओलांडतो, आफ्रिकेच्या डोंगरांना अडून वळतो आणि अख्खा अरबी समुद्र पार करून सह्याद्रीवर येऊन आदळतो. जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर त्याचा वेग सर्वांत जास्त असतो. जुलै महिन्यात भारतीय द्वीपकल्पावरून असा वेगवान पश्चिमी झोत वाहतो हे पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन यांनी 1966 साली दाखवून दिलं. तीन वर्षांनी ब्रिटिश शास्त्रज्ञ फिंडलेटर यांनी त्याचा आफ्रिकेकडचा भाग मांडला आणि पुढे झोताला नाव फिंडलेटर यांचंच पडलं. जोसेफ-रामन यांचं नाव आज महाराष्ट्रातल्या किती विद्यार्थ्यांना माहीत असेल?

या वाऱ्याचा हिशेब ठेवणारी मोठी जागा वलवणपासून फार दूर नाही. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे. तिथले रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातला एक शब्द वर्तमानपत्रांतून घरोघरी गेला: तिप्पट. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात एकाच वेळी मोठ्या प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या.

हा ‘तिप्पट’ शेवटी कुणीतरी हाताने मोजलेल्या पाण्यातून आलेला आहे. तसा हात पाहायचा तर वलवणला यावं.

इथे पर्जन्यमापक वाचणारे एक काका आहेत. वेळ सकाळी साडेआठची, देशभर तीच. नरसाळं काढायचं, खालची बाटली उचलायची, पाणी खुणांच्या काचेच्या मापात ओतून वाचायचं, वहीत लिहायचं. कोरड्या गावात हे काम दोन मिनिटांचं. वलवणला तसं नाही. दोनशे चौरस सेंटिमीटर तोंडाच्या यंत्रात एक मिलिमीटर पाऊस म्हणजे वीस मिलिलिटर पाणी. दोनशे मिलिमीटर पाऊस झाला तर बाटलीत चार लिटर. माप दहा मिलिमीटरचं, म्हणजे ते वीस वेळा भरायचं, तेही भर पावसात, पाण्याचा थेंब न सांडता. काका मोठ्याने मोजतात. खळ्यावर भात मोजताना म्हणतात तसं पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणतात, मग दोन, तीन, चार. बाराव्या-तेराव्या मापाला आवाज हळू होतो, कारण चुकलं तर पाणी ओतून टाकलेलं असतं. परत मोजता येत नाही. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत असते, तरी पानांना सादळल्याचा वास येतोच. आषाढात इथे कुठलाच कागद पुरता कोरडा राहत नाही.

‘तिप्पट’ ऐकून काकांचा पहिला प्रश्न होता, ‘‘पाऊस तिप्पट झाला म्हणता? वहीत तर तसं दिसत नाही.’’

त्यांची शंका रास्त आहे. तिप्पट झालेला आहे तो व्यापक अतिवृष्टीच्या घटनांचा आकडा. हंगामाचा एकूण पाऊस नव्हे. मध्य भारतात मध्यम पाऊस उलट घटत आला आहे. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी 2006 साली ‘सायन्स’मध्ये हेच दाखवलं होतं: अतिवृष्टी वाढते, मध्यम पाऊस कमी होतो आणि बेरीज फारशी हलत नाही. भात लावणाऱ्याला मात्र बेरीज पुरत नाही. त्याला झड हवी असते.

कॉल यांच्या अभ्यासातला सगळ्यात विचार करायला लावणारा भाग वाऱ्याचा आहे. मोसमी वाऱ्यांचं एकूण चक्र मंदावत असताना अतिवृष्टी वाढावी कशी? त्यांचं उत्तर असं की अरबी समुद्रावरच्या पश्चिमी वाऱ्यांचे चढउतार वाढले आहेत. वारा काही दिवस सुस्तावतो आणि मग उसळून येतो. खालचा समुद्र तापलेला. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. त्यामुळे उसळी येते ती बाष्पाने भरून येते, आणि दोन-तीन दिवसांत सगळं ओतून जाते.

हा अभ्यास मध्य भारताचा आहे, मावळचा नव्हे, हे नीट लक्षात ठेवायला हवं. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस नवा नाही. जुलै 1989 मध्ये मावळातल्याच भाजे गावात दरड कोसळून तीसहून अधिक माणसं गेली, तेव्हा हवामानबदल हा शब्द तिथे कुणी ऐकलाही नसेल. वलवणचा प्रत्येक जोराचा पाऊस ‘तिप्पट’च्या खात्यात टाकणं शास्त्राला धरून होणार नाही. पण जो वारा मध्य भारताकडे जातो, तो आधी ह्याच कड्यावर चढतो.

वादळांची गोष्ट अधिक थेट आहे. पाषाणच्याच संस्थेतल्या मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांनी 2021 साली मांडलं की 1982 ते 2000 च्या तुलनेत 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढली, आणि ती टिकतातही जास्त काळ. मावळला त्याचा अर्थ 3 जून 2020 ला कळला. ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, घाट चढून पुणे जिल्ह्यात शिरलं आणि मावळातल्या गुलाबाच्या पॉलिहाउसांचे कागद फाडून सांगाडे वाकवून गेलं. समुद्र डोळ्यांना दिसत नाही म्हणून आपण सुरक्षित, हा इथला समज त्या दुपारी गेला.

अडचण आहे ती अंदाजाच्या नेमकेपणाची. पुणे शहरात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, लोणावळ्यात चार हजारांच्या वर, जिल्हा एकच. म्हणून आता इशाऱ्यांत ‘घाट विभाग’ वेगळा लिहिला जातो, आणि ते फार बरं झालं. अंदाज करणाऱ्या संगणकाचीही तीच अडचण होती; तो नकाशाचे चौकोन पाडून गणित करतो. बारा किलोमीटरच्या चौकोनात पायथ्याची खोपोली आणि माथ्यावरचं वलवण एकत्रच बसू शकतात. मधला पाचशे मीटरहून जास्त चढ त्या चौकोनात सपाट होऊन जातो. ह्याच चढाच्या जोरावर माथ्यावरचं पाणी पश्चिमेला वळवून टाटांनी 1915 पासून खोपोलीत वीज केली, इतका तो खरा आहे. मे 2025 मध्ये पाषाणच्या संस्थेत घडलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली. तिचा चौकोन सहा किलोमीटरचा आहे आणि गणित ‘अर्का’ महासंगणकावर चालतं. खोपोली आणि वलवण वेगळी ओळखू येण्याची आशा आता धरता येते. मात्र संगणकाचा अंदाज खरा की खोटा, हे पडताळायला जमिनीवर मोजलेलंच पाणी लागतं.

आणि साडेआठची नोंद सगळं सांगत नाही. रविवार, 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. लोंढा वरून आला. चोवीस तासांच्या बेरजेत तो तास दिसत नाही. दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवणारी स्वयंचलित यंत्रं आज मिळतात. ती गावात हवीत, त्याहून जास्त धबधब्यांच्या वरच्या पठारांवर हवीत. काकांना हे समजावून सांगावं लागलं नाही. रकान्यात आकडा लिहून त्यांनी पिशवीची गाठ मारली आणि म्हणाले, ‘‘वर पठारावर एक बसवा. आणि त्याचा भोंगा खाली धबधब्यापाशी वाजू दे, पुण्याला नको.’’