डभोईच्या वेशीपाशी



गेल्या नाताळच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांनी मिळून नर्मदाकाठची सहल काढली. सरदार वल्लभभाई पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा पाहावा, धरण पाहावे आणि डभोईवरून वडोदऱ्यास येऊन घरची गाडी धरावी, असा बेत होता. मंडळींच्या आग्रहास्तव मीही निघालो. पुतळ्याच्या उंचीविषयी मी नव्याने काय सांगावे? ती ज्याने त्याने मान वर करून पाहावी. परंतु त्याच्या पायथ्याशी असलेल्या प्रदर्शनात आमच्यातील एका बारा वर्षांच्या मुलाने मला एक प्रश्न विचारला. त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. परतीच्या वाटेवर डभोईच्या वेशीपाशी ते काही अंशी सापडले. तेवढेच आज सांगावयाचे आहे.

हे प्रदर्शन म्हणजे आपल्या राष्ट्राच्या राजकीय इतिहासाचे एक दालनच होय. ३१ ऑक्टोबर १८७५ रोजी नडियाद येथे जन्मलेला एक शेतकऱ्याचा मुलगा वकील होतो, १९१८ साली खेड्याच्या आणि १९२८ साली बार्डोलीच्या शेतकऱ्यांच्या पाठीशी उभा राहतो आणि स्वातंत्र्य मिळताच साडेपाचशेहून अधिक संस्थाने एका राष्ट्रात आणण्याचे अवघड कार्य अंगावर घेतो, ही ती कथा. १५ डिसेंबर १९५० रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले, तोवर ते कार्य बहुतांशी पुरे झाले होते. हा पुतळा घडविणारे शिल्पकार राम सुतार हे धुळ्याजवळच्या गोंदूर गावचे. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी पुतळ्याचे अनावरण झाले. हे सर्व मी मुलांना समजावून सांगत होतो. तेव्हा तो मुलगा हळूच म्हणाला, “फादर, ह्या गोष्टीत आपण कुठे आहोत?”

प्रश्न साधा होता, पण मी थबकलो. मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. भोवतालच्या पाट्या गुजरातीत, हिंदीत व इंग्रजीत. त्यात वर्णिलेली गावे आमची नव्हेत, शेते आमची नव्हेत. देश आपला असला तरी दुसऱ्याच्या आठवणींच्या घरात शिरलेला मनुष्य काही काळ परदेशी प्रवाशासारखाच असतो. तो भिंतीवरील चित्रे पाहतो, मान डोलावतो आणि बाहेर येऊन चहा पितो. मुलाला मात्र तेवढ्याने समाधान वाटले नाही, आणि खरे पाहता मलाही वाटले नाही.

तेथून निघून आम्ही डभोईस आलो. वडोदऱ्याच्या आग्नेयेस सुमारे तीस किलोमीटरवर वसलेले हे जुने गाव. संस्कृतात ह्याचे नाव दर्भावती. आपल्या मराठी बखरींतून व इतिहासग्रंथांतून हेच गाव ‘डभई’ म्हणून भेटते. बाराव्या-तेराव्या शतकांत सोळंकी व वाघेला राजांच्या काळी बांधलेल्या तटाच्या चार वेशी येथे आहेत. वेशीला गुजरातीत ‘भागोळ’ म्हणतात. त्यांतील पूर्वेची हिरा भागोळ कोरीव कामासाठी विशेष प्रसिद्ध आहे. ती घडविणाऱ्या हिराधर नावाच्या शिल्पकाराला राजाने जिवंत गाडल्याची दंतकथा लोक अजून सांगतात. येथे ना काचेची कपाटे, ना माहितीच्या चकचकीत पाट्या. भाजीच्या गाड्या व शाळेची मुले ह्या इतिहासाच्या अंगाखांद्यावरून रोज ये-जा करतात.

वेशीच्या सावलीत एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनी आमची चौकशी केली. आम्ही वसईकडून आलो हे ऐकताच ते हसून म्हणाले, “म्हणजे तुम्ही मराठे! एके काळी आमच्याकडून चौथाई नेणारे!” त्यांच्या बोलण्यात राग मुळीच नव्हता; थट्टाच होती. पण आमची मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. कारण आपल्या गावाबाहेर गेल्यावर आपल्या आडनावांवरून आपणांस कितीदा तरी ‘तुम्ही पोर्तुगीज ना?’ असे विचारले जाते. घराजवळ जे फिरंगी ठरतात, ते डभोईच्या वेशीत मराठे ठरले! मी त्या मुलाला जवळ बोलावले व म्हटले, “बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. ये, बस.”

मग मी मुलांना जे सांगितले, ते थोडक्यात असे. गुजरातच्या चौथाईचा, म्हणजे वसुलाच्या चौथ्या हिश्शाचा, हक्क कोणाचा ह्यावरून पेशवे व सेनापती दाभाडे ह्यांच्यात वितुष्ट आले. १ एप्रिल १७३१ रोजी ह्याच डभोईजवळ भिलापूर येथे दोन मराठी सैन्ये एकमेकांवर तुटून पडली. सेनापती त्र्यंबकराव दाभाडे हत्तीवरून लढताना गोळी लागून पडले आणि थोरल्या बाजीरावांचा विजय झाला. ज्यांच्या जमिनीच्या उत्पन्नासाठी ही लढाई झाली, त्या गुजराती शेतकऱ्याला कोणी काही विचारले नाही. पुढे आठच वर्षांनी, १७३९ च्या मे महिन्यात, बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी आप्पा ह्यांनी वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकला. मराठी इतिहासात हा पराक्रमाचा दिवस आहे, आणि तो पराक्रम होताही. परंतु वसईच्या ख्रिस्ती घरांतील वृद्धांच्या आठवणीत तोच दिवस निराळ्या रंगाचा आहे. त्याआधीच्या दोनशे वर्षांत पोर्तुगिजांनी आपल्या हिंदू शेजाऱ्यांवर जो जुलूम केला, तोही विसरून चालणार नाही.

म्हणजे पाहा, दोन सख्ख्या भावांच्या दोन लढाया. एकीत आपण जिंकणाऱ्यांच्या भाषेचे, दुसरीत हरणाऱ्यांच्या धर्माचे. माणूस तोच, केवळ वेस बदलली की त्याची बाजू बदलते.

डभोई व वसई ह्यांचे नाते येथेच संपत नाही. १७८० च्या जानेवारीत जनरल गॉडर्ड ह्याच्या इंग्रज फौजेने डभोई घेतली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यानेच वसईचा किल्ला घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने दोन्ही ठिकाणे मराठ्यांकडे परत आली. मधल्या काळात जेम्स फोर्ब्स नावाचा इंग्रज अंमलदार डभोईस कलेक्टर होता. हा चित्रे काढणारा व टिपणे ठेवणारा गृहस्थ. ह्या गावाचे त्याने प्रेमाने वर्णन केले. ते त्याच्या १८१३ साली निघालेल्या मोठ्या ग्रंथात आहे. डभोई सोडताना त्याने गावकऱ्यांच्या संमतीने येथील काही कोरीव शिल्पखंड बरोबर नेले आणि इंग्लंडात आपल्या बागेत त्यांच्यासाठी एक लहानसे देवालय उभारले. त्याने ते आदराने नेले ह्याविषयी शंका नाही. पण परक्या सत्तेचा कलेक्टर मागणी करतो, तेव्हा ‘नाही’ म्हणणे गावाला कितपत शक्य होते, हाही विचार मनात येतो.

हे ऐकून आमच्यातील एक आजी म्हणाल्या, “आपल्या घंटाही तशाच गेल्या की!” त्यांचे म्हणणे खरे आहे. वसईच्या विजयानंतर तेथील चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी विजयचिन्हे म्हणून नेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या मंदिरावर त्यांतील एक आहे. भीमाशंकरलाही एक आहे. नाशिकच्या भाविकाला ती आपलीच घंटा वाटते, आणि वसईच्या आजीलाही ती आपलीच वाटते. दोघेही खोटे बोलत नाहीत. मला समाधान एवढेच, की ती अजून प्रार्थनेच्याच जागी आहे.

परंतु डभोईने मराठी माणसाकडून केवळ चौथाई देण्याचेच अनुभवले असे नाही. पुढे येथे गायकवाडांचे राज्य स्थिर झाले. १८६२ साली डभोई ते मियागाम ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. आरंभी ती बैल ओढीत. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा दत्तक जाऊन तिसरे सयाजीराव झाला आणि १९०६ साली त्याने आपल्या साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. तो वृद्ध मला म्हणाला, “चौथाईचे बोललो ते थट्टेने. पण शाळा दिली तीही तुमच्याच माणसाने, हेही लिहा.” म्हणून लिहितो. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. अकरा वर्षांनी त्याच तारखेला महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये निराळी झाली. सरदारांच्या दालनातील कथेत आपण कुठे, ह्याचे एक उत्तर हेही आहे.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगणे मला अवश्य वाटले. पुतळ्याबाहेर चहा देणारी एक आदिवासी बाई आमच्याशी बोलता बोलता सहज म्हणाली की, तिच्या सासऱ्यांचे शेत इकडेच होते. १९६१ साली पंडित नेहरूंनी धरणाची कोनशिला बसविली, त्या सुमारास केवडिया, कोठी, गोरा, लिमडी, नवागाम व वागडिया ह्या सहा गावांची जमीन प्रकल्पासाठी घेण्यात आली. धरणाच्या पाण्याखाली आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील तेहतीस गावेही बाधित झाली. त्या पाण्याने कच्छ-सौराष्ट्राची तहान भागली, हेही तितकेच खरे. पण दालनात जे भिंतीवर असते, त्याच्याइतकेच दाराबाहेर चहाच्या किटलीपाशी असते. जर्मनीत बॉन शहरी १९९४ पासून त्या राष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासाचे एक विनामूल्य संग्रहालय आहे. युद्धात हरलेल्या व अपराधाचे ओझे वाहणाऱ्या राष्ट्राने आपली कथा तेथे परक्यांसमोर मांडली आहे. आपला पराक्रम पाहुण्याला दाखविणे सोपे. आपली चूक दाखविण्यास अधिक धैर्य लागते.

तेव्हा वाचकहो, आपण सहलीस जाल तेव्हा सरदारांचे दर्शन अवश्य घ्या. परंतु येताना तासभर डभोईस थांबा. कोणतेही दालन पाहताना मुलांना दोन प्रश्न विचारण्यास शिकवा: येथे बोलतो आहे कोण, आणि गप्प आहे कोण? आणि आपल्या लोकांनी जेथे दुःख दिले, तेथे ते ऐकून घेण्याची सवय मुलांना लावा. तरच आपल्या दुःखाची गोष्ट दुसऱ्यास सांगण्याचा अधिकार त्यांना मिळेल.

गाडीत बसल्यावर त्या मुलाने मला पुन्हा विचारले, “फादर, मग आपण मराठे की फिरंगी?” मी म्हणालो, “आज तू पाहुणा होतास. डभोईच्या आजोबांनी तुला सावलीत बसायला जागा दिली. उद्या वसईच्या किल्ल्यात कोणी परका येईल. त्याला तूही जागा दे, आणि सारी गोष्ट सांग, अर्धी नको.”

तो काही बोलला नाही. वडोदरा येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिला.